ऑपरेशन होणार नाही म्हणाले, मग 'आतला शेक' म्हणजे काय? पित्तनलिकेच्या कॅन्सरबद्दल थोडं समजून घेऊ



आज जाळी, इंजिन, मत्स्यबीज यातलं काही नाही. आज एका आजाराबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा आणि घरातल्या बायकांना, म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.

कारण असं झालं. आपल्या एका जुन्या सभासदाला कावीळ झाली. मधुबनच्या पाण्यावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. आधी अंगाला खाज, मग डोळे पिवळे. घरच्यांनी काविळीची माळ घातली, हात धुवून कावीळ उतरवून घेतली, झाडपाला झाला. दोन महिने असेच गेले. मग सिल्वासाला सोनोग्राफी झाली आणि तिथून मुंबईला पाठवलं. मुंबईत सांगितलं, पित्तनलिकेचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करण्यासारखी स्थिती नाही.

त्याच आठवड्यात कोणीतरी त्यांच्या मुलाला सांगितलं, "आतून लाईट देतात, त्याने गाठ जळून जाते, पैसे लागतील पण माणूस बरा होतो." मुलगा आमच्याकडे आला तो होडीचे कागद घेऊनच. "गिऱ्हाईक बघा, होडी काढायची आहे," म्हणाला.

आम्ही त्याला म्हटलं, थांब. आधी हा 'आतला शेक' काय आहे, त्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे डॉक्टरांना नीट विचारू. मग होडीचं बघू. त्या धावपळीत जे समजलं ते घरच्यांच्या परवानगीने इथे मांडतोय. आम्ही डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरसमोर बसल्यावर ते काय बोलतात ते आपल्याला कळावं आणि काय विचारायचं ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी ही पोस्ट.

पित्तनलिका म्हणजे कुठली?

आपलं काळीज, म्हणजे लिव्हर, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. हे पित्त आतड्यात उतरतं आणि तेल-तूप, मासा-मटण पचवायला मदत करतं. ते लिव्हरमधून आतड्यापर्यंत नेणारी जी नळी, ती पित्तनलिका.

डोंगरातल्या ओहोळांसारखी तिची रचना असते. लिव्हरमध्ये बारीक बारीक ओहोळ असतात, ते एकत्र येऊन डावा आणि उजवा असे दोन नाले होतात. त्या दोघांचा लिव्हरच्या तोंडाशी संगम होतो आणि तिथून एकच धार खाली आतड्याकडे जाते. बाजूला एक छोटी पिशवी असते, ती पित्ताशय. खडे होतात ते बहुतेक वेळा तिथे. मुख्य नळीची रुंदी जेमतेम ६-७ मिलिमीटर असते, पेन्सिलीपेक्षा जास्त नाही.

आता एवढ्या अरुंद वाटेत गाठ आली तर? गाठ छोटीच असते, पण वाट अडते. धरणाचं दार बंद केल्यावर पाणी मागे चढतं तसं पित्त मागे तुंबतं आणि रक्तात उतरतं. डोळे, त्वचा, लघवी पिवळी होते ती त्यामुळे.

या कॅन्सरच्या निम्म्याहून जास्त गाठी त्या संगमावरच येतात. रिपोर्टमध्ये 'हायलर कोलँजिओकार्सिनोमा' किंवा 'क्लॅटस्किन ट्यूमर' असं लिहिलेलं असतं, ते हेच. अमेरिकेतल्या डॉ. जेराल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ साली अशा रुग्णांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते नाव पडलं.

ही कावीळ ओळखायची कशी?

सगळ्या काविळी सारख्या नसतात. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक तरुण माणसांत ताप, मळमळ घेऊन येते आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातल्याने, हात धुतल्याने उतरली असं आपल्याला वाटतं ते त्यामुळेच. ती उतरणारच होती.

वाट अडून झालेली कावीळ मात्र आपोआप उतरत नाही. तिची लक्षणं अशी:

– डोळे पिवळे, पण पोटात फारसं दुखत नाही
– अंगाला भयंकर खाज, रात्री जास्त
– लघवी काळ्या चहासारखी
– शौच मातकट, पांढुरकं
– भूक जाते, वजन उतरतं
– कधी थंडी वाजून ताप

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला अशी कावीळ झाली तर माळ, नस्य, डोळ्यात थेंब हे काहीही न करता सरळ दवाखाना गाठा. रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी, या दोन साध्या गोष्टी पहिल्याच आठवड्यात झाल्या पाहिजेत. सोनोग्राफीत लिव्हरमधल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या तर पुढे सीटी स्कॅन आणि एमआरसीपी नावाचा एमआरआय करतात. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही. नळीत अडकलेला खडा असला तरी असंच होतं आणि तो काढता येतो. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

कोणाच्या श्रद्धेला आम्ही नावं ठेवत नाही. माळ घालायची तर घाला, पण सोनोग्राफी करून घाला.

ऑपरेशन का होत नाही?

हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. "पैसे देतो, पण कापून काढा." इथे पैशांचा प्रश्न नसतो, गाठीच्या जागेचा असतो. त्या संगमाला चिकटूनच लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा जातात. गाठीने त्यांना वेढलं, किंवा ती डाव्या-उजव्या दोन्ही बाजूच्या नळ्यांत आतवर शिरली, तर कापायचं कुठून? लिव्हरचा काही भाग तरी शाबूत राहायला हवा ना. शिवाय गाठ लिव्हरमध्ये, पोटाच्या पडद्यावर किंवा दूर पसरलेली असेल, किंवा माणूस फार खंगलेला असेल, तर ऑपरेशनने नुकसानच जास्त होतं. या आजाराचे बहुतेक रुग्ण अशाच अवस्थेत पोहोचतात. म्हणून लवकर पोहोचायचं महत्त्व.

ऑपरेशन होणार नाही म्हणजे काहीच होणार नाही, असा मात्र अर्थ घेऊ नका.

पहिलं काम: वाट मोकळी करणं

शेक असो की केमो, आधी तुंबलेलं पित्त उतरवावं लागतं. कावीळ चढलेली असताना बाकीचे उपचार शरीराला झेपत नाहीत. त्याचे दोन मार्ग आहेत.

एक, तोंडातून दुर्बीण घालून आतड्यापर्यंत जायचं आणि खालून नळीत स्टेंट बसवायचा. याला ईआरसीपी म्हणतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने भरतो आणि बदलावा लागतो. धातूच्या जाळीचा स्टेंट जास्त काळ चालतो.

दोन, उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधून बारीक सुई लिव्हरमधल्या फुगलेल्या नळीत घालायची, तिच्यातून तार आणि तारेवरून नळी सरकवायची. याला पीटीबीडी म्हणतात. संगमावरच्या गाठीत बऱ्याचदा हाच मार्ग सोपा पडतो. नळीचं एक टोक बाहेर राहतं आणि त्याला पिशवी जोडतात. काविळीत रक्त लवकर गोठत नाही, म्हणून आधी रक्त तपासतात आणि गरज असेल तर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात.

पीटीबीडीची नळी असलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवा:

– नळी असताना नदीत, धरणात, तळ्यात उतरायचं नाही. किनाऱ्यावर बसून जाळी सांधायला हरकत नाही, पाण्यात जायचं नाही.
– जाळं ओढणं, इंजिनाची दोरी खेचणं, होडी ढकलणं बंद. नळी सरकली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.
– पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची. रोज किती पित्त आलं ते वहीत लिहायचं.
– पित्त बाहेर जातं तेव्हा त्याबरोबर पाणी आणि क्षारही जातात. डॉक्टर सांगतील तेवढं पाणी, पेज, सरबत द्यायचं.
– थंडी वाजून ताप आला, नळीतून रक्त आलं, किंवा पित्त एकदम थांबलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. त्याच रात्री हॉस्पिटल. तुंबलेल्या पित्तात जंतू झाले तर माणूस एका दिवसात हातचा जातो.

आता मुख्य गोष्ट: आतला शेक

रेडिएशनला आपल्याकडे कोणी 'शेक' म्हणतं, कोणी 'लाईट'. नेहमीचा शेक बाहेरून देतात. रुग्ण टेबलावर झोपतो आणि मशीन बाहेरून किरणं सोडतं. साधारण पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज थोडा थोडा. मोजायचं माप 'ग्रे'. बाहेरून एकूण ४५ ते ५० ग्रे देतात. त्याहून जास्त देणं अवघड असतं, कारण किरणांच्या वाटेत लिव्हर आहे, जठर आहे, लहान आतड्याची सुरुवात आहे आणि या सगळ्यांना इजा होऊ शकते.

मग डॉक्टरांनी असा विचार केला की गाठ जर नळीतच आहे आणि नळीत जायला वाट आपण केलीच आहे, तर किरणांचा दाणाच तिथपर्यंत का नेऊ नये? हाच आतला शेक. त्याचं नाव ब्रॅकीथेरपी. 'ब्रॅकी' म्हणजे ग्रीक भाषेत जवळचं, थोड्या अंतरावरचं. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये इरिडियमची तार अशी आत ठेवून केलेल्या उपचाराची माहिती लंडनच्या डॉक्टरांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली होती. म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही.

करतात कसं, ते क्रमाने सांगतो.

पीटीबीडीची नळी गाठीतून पलीकडे गेलेली असते. काही ठिकाणी नाकातून घातलेली नळीही वापरतात. त्या नळीत आणखी एक बारीक, टोकाला बंद असलेली नळी सरकवतात. तिच्यात खुणांची तार घालून सीटी स्कॅन किंवा एक्स-रे काढतात. गाठ कुठून कुठपर्यंत आहे ते बघतात, दोन्ही टोकांना थोडी जास्तीची जागा धरतात आणि दाणा कुठे किती सेकंद थांबवायचा याचा हिशेब कॉम्प्युटरवर मांडतात.

मग रुग्णाला जाड भिंतींच्या खोलीत नेतात आणि ती नळी मशीनला जोडतात. मशीनच्या पोटात, शिशासारख्या जड धातूच्या कवचात, इरिडियम-१९२ चा एक दाणा असतो, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा आणि तारेच्या टोकाला बसवलेला. सगळे लोक बाहेर येतात. बटण दाबल्यावर तार दाण्याला घेऊन गाठीपर्यंत जाते, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबते, थोडी सरकते, पुन्हा थांबते आणि मग परत मशीनमध्ये जाते. हे काही मिनिटांतच होतं. रुग्ण कॅमेऱ्यावर दिसत असतो आणि माईकवरून त्याच्याशी बोलता येतं. किरणं लागताना दुखत नाही, भाजत नाही, काही कळतही नाही.

अशा दोन ते चार बैठका होतात. नेमक्या किती, ते डॉक्टर ठरवतात. बहुतेक वेळा आधी बाहेरचा शेक आणि वर आतला शेक, असा क्रम असतो. सगळं झाल्यावर बाहेरची नळी काढून आत धातूचा स्टेंट ठेवतात.

याचा फायदा कुठे? रात्री होडीत बत्ती ठेवली की होडीत लख्ख उजेड असतो, पण चार हात पलीकडे पाणी काळंच. किरणांचंही तसंच आहे. दाण्यापासून एक सेंटिमीटरवर जेवढा शेक लागतो, त्याच्या चौथा भागच दोन सेंटिमीटरवर लागतो. म्हणजे गाठीला भरपूर आणि शेजारच्या आतड्याला कमी.

आणि त्याची मर्यादाही तीच आहे. गाठ नळीभोवती फार जाड झाली असेल, लिव्हरमध्ये दूर शिरली असेल, तर उजेड तिथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाठ लहान, एकाच जागी, कावीळ उतरलेली, पोटात पाणी नाही, आजार दूर पसरलेला नाही आणि माणूस उठून-बसून चालता-फिरता आहे, अशांनाच याचा उपयोग होतो.

शेक घेतलेल्या माणसाजवळ बसायचं की नाही?

हे विचारायला लोक लाजतात. त्या सभासदाच्या सुनेनेही आम्हाला हळूच विचारलं होतं, नातवंडांना जवळ जाऊ द्यायचं का म्हणून.

उत्तर सरळ आहे. या पद्धतीत दाणा आत जातो आणि पूर्ण बाहेर येतो. शरीरात काही राहत नाही. बैठक संपली की माणसाच्या अंगातून किरणं येत नाहीत. त्याच्या ताटात जेवा, त्याच्या शेजारी झोपा, नातवंडं मांडीवर बसू द्या. त्याला वेगळी वाटी, वेगळी खाट करून दूर ठेवणं ही चूक आहे.

एक लक्षात ठेवा. लिव्हरच्या आतल्या गाठींसाठी आणखी एक उपचार आहे. त्यात इट्रियम-९० चे बारीक मणी रक्तवाहिनीतून लिव्हरमध्ये सोडतात. ते मणी आत राहतात आणि त्याबद्दल काही दिवस पाळायच्या सूचना हॉस्पिटल देतं. तो वेगळा उपचार आहे. आपल्या रुग्णाला नेमकं काय दिलंय ते विचारून घ्या.

याने माणूस बरा होतो का?

इथे खोटं बोलून चालणार नाही. ऑपरेशन न होणाऱ्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये आतला शेक हा बहुतेक वेळा बरं करणारा उपचार नाही. तो गाठीला दाबून ठेवतो, नळी जास्त दिवस मोकळी ठेवतो, कावीळ आणि ताप पुन्हा पुन्हा येऊ देत नाही आणि काही जणांना काही महिने जास्त देतो. अनेक छोट्या अभ्यासांतून हे दिसलं आहे. पण औषधांच्या जशा शेकडो रुग्णांवर मोठ्या तुलना झाल्या, तशा याच्या झालेल्या नाहीत. म्हणून सगळे डॉक्टर एकच सल्ला देतील असं नाही. काही मोठ्या हॉस्पिटलांत आता बाहेरूनच फार नेमका शेक देणारी मशीन आहेत आणि तिथले डॉक्टर आतल्याऐवजी तो सुचवतात. तेही बरोबर असू शकतं.

केमोची तुलना मोठी झाली आहे. ब्रिटनमध्ये ४१० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला. एकटं जेमसिटाबिन घेतलेल्यांचं मधलं आयुष्य ८.१ महिने होतं. त्याच्या जोडीला सिस्प्लाटिन दिल्यावर ते ११.७ महिने झालं. मधलं म्हणजे निम्मे लोक त्याहून कमी जगले, निम्मे त्याहून जास्त. तेव्हापासून ही जोडी जगभर वापरतात. पुढे २०२२ मध्ये तिच्यात ड्युर्व्हालुमॅब या नव्या औषधाची भर पडली, त्याने थोडा आणखी फायदा दिसला, पण ते फार महाग आहे.

बरं करण्याच्या उद्देशाने आतला शेक वापरतात अशी एक जागा आहे. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने १९९३ पासून संगमावरच्या छोट्या, न पसरलेल्या गाठींवर आधी बाहेरचा शेक, मग आतला शेक आणि केमो, आणि त्यानंतर लिव्हर बदलणं, असा क्रम सुरू केला. निवडक रुग्ण त्याने वर्षानुवर्षं जगले. पण त्यासाठी गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा लहान लागते, अटी कडक असतात आणि लिव्हर मिळावं लागतं. आपल्या रुग्णाची गाठ लहान आणि लवकर सापडलेली असेल तर हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

त्रास काय होऊ शकतो?

शेकानंतर थकवा, मळमळ, भूक मंदावणं हे बऱ्याच जणांना होतं. सगळ्यात मोठा धोका नळीत जंतू होण्याचा, त्याची खूण म्हणजे थंडी-ताप. जठराला किंवा लहान आतड्याला जखम होऊन काळं शौच किंवा रक्ताची उलटी होऊ शकते. काही महिन्यांनी नळी आकसू शकते किंवा स्टेंट भरू शकतो, मग कावीळ परत येते. कावीळ परत आली म्हणजे सगळं संपलं असं समजून घरी बसू नका. पुष्कळदा स्टेंट साफ करून किंवा बदलून ती उतरते.

मासे खाऊन हा आजार होतो का?

हा आपल्या धंद्याचा प्रश्न, म्हणून यावर स्पष्ट लिहितो, कारण अर्धवट माहिती फिरते.

थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये हा कॅन्सर जगात सगळ्यात जास्त आहे. तिथे नदी-तळ्यातला छोटा मासा कच्चा, मसाला लावून खायची पद्धत आहे. त्या माशात एका चपट्या जंताची अळी असते. ती माणसाच्या पित्तनलिकेत जाऊन राहते आणि वर्षानुवर्षं नळीला सूज ठेवते. त्यातून कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्ये हा जंत कॅन्सरचं कारण म्हणून जाहीर केला.

आता आपलं बघा. आपण कटला, रोहू, मृगळ कच्चा खातो का? कालवण करतो, तळतो, भाजतो. नीट शिजवलं की असल्या अळ्या मरतात. तेव्हा शिजवलेल्या माशाने हा कॅन्सर होतो असं कोणी म्हणालं तर त्याला ही पोस्ट दाखवा. फक्त एक करा, गोड्या पाण्यातला मासा अर्धाकच्चा खाऊ नका, लहान मुलांना तर नाहीच.

नळीत वर्षानुवर्षं राहिलेले खडे, जन्मापासून फुगलेली पित्तनलिका, नळीची जुनी सूज, लिव्हरचे जुने आजार यांनी धोका वाढतो. पण बऱ्याच रुग्णांत काहीच कारण सापडत नाही. म्हणून रुग्णाला "तू हे खाल्लंस, ते प्यायलास" असं टोचून बोलू नका.

जायचं कुठे?

सुरुवात सिल्वासाच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. रक्त आणि सोनोग्राफी तिथे करून घ्या आणि पुढे पाठवायचं असेल तर चिठ्ठी घ्या.

मुंबईला परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आपल्या लोकांना माहीत आहेच. त्याची सुरुवातच या किरणांशी जोडलेली आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांच्यावर परदेशात जसे उपचार झाले तशी सोय आपल्या देशात असावी, असं दोराबजींच्या मनात होतं. रेडियमची संस्था काढायचा विचार होता. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या ट्रस्टने काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला हॉस्पिटल उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. खारघरलाही त्यांचं केंद्र आहे.

वापीहून गाडीने बोरिवली, तिथून लोकलने प्रभादेवी, पुढे परळ जवळच. कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला रेल्वे भाड्यात सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या. शेक पाच आठवडे चालतो, रोज जा-ये जमणार नाही. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा जागा आहेत. तिथे गर्दी असते, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव नोंदवा.

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या हॉस्पिटलातही चालतं. कार्ड काढलं नसेल तर आजारपणाची वाट बघू नका, आत्ता काढा. कोणता उपचार कार्डात बसतो ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा.

आणखी एक. ब्रॅकीथेरपीचं मशीन बऱ्याच कॅन्सर हॉस्पिटलांत असतं, पण ते जास्त करून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी वापरतात. पित्तनलिकेत ते करायला नळी घालणारे डॉक्टर आणि शेक देणारे डॉक्टर दोघंही एका ठिकाणी लागतात. म्हणून "मशीन आहे का" एवढंच विचारू नका. "पित्तनलिकेचं तुम्ही करता का" असं विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न (फोटो काढून ठेवा)

१. ऑपरेशन नेमकं कशामुळे होणार नाही? दुसऱ्या सर्जनला रिपोर्ट दाखवू का?
२. पित्त पूर्ण उतरलंय का? नळी कितपत टिकेल?
३. आतला शेक आमच्या रुग्णाला चालेल का? नसेल तर का नाही?
४. हा उपचार बरं करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी?
५. त्याऐवजी बाहेरचा शेक किंवा केमो घेतला तर काय फरक पडेल?
६. किती दिवस मुंबईत राहावं लागेल? एकूण खर्च किती आणि कार्डात किती?
७. काहीच केलं नाही, फक्त स्टेंट ठेवला, तर काय?
८. रात्री ताप आला तर कुठे फोन करायचा?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच विचारायला जीभ रेटत नाही. तो विचारल्याशिवाय होडी, जमीन, दागिना काहीही विकू नका.

शेवटी

त्या सभासदाचं पुढे काय झालं ते सांगतो. मुलाने हे प्रश्न वहीत लिहून नेले. डॉक्टरांनी अर्धा तास बसवून उत्तरं दिली. बरं होणार नाही, पण नळी मोकळी राहील, खाज-कावीळ जाईल आणि थोडे दिवस सुखाचे मिळतील, असं स्पष्ट सांगितलं. वडिलांसमोरच सांगितलं आणि निर्णय वडिलांनी घेतला. बाहेरचा शेक झाला, मग आतल्या दोन बैठका झाल्या. बराचसा खर्च कार्डातून झाला, राहायला धर्मशाळा मिळाली. होडी विकली नाही.

ते घरी आले. पुढचा पावसाळा त्यांनी ओटीवर बसून जाळी सांधण्यात काढला. खाज नव्हती, जेवण जात होतं. मधे एकदा ताप आला, घरच्यांनी रात्रीच गाडी काढली, स्टेंट साफ झाला. दिवाळीनंतर ते गेले. होडी आता मुलगा चालवतो.

मुलगा आम्हाला एकच म्हणाला, "ते सुरुवातीचे दोन महिने परत मिळाले असते तर..." लवकर गेले असते तर ऑपरेशन झालंच असतं असं कोणी सांगू शकत नाही. पण कदाचित झालं असतं. हा 'कदाचित' आपल्या दुसऱ्या कोणाच्या घरात राहू नये म्हणून ही पोस्ट.

डोळे पिवळे, अंगाला खाज, शौच पांढुरकं दिसलं, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी. एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुरे.

पोस्ट आपापल्या ग्रुपवर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. कोणाच्या घरी असा रुग्ण असेल आणि कार्डाचं, चिठ्ठीचं, मुंबईला सोबत जाण्याचं काही अडलं असेल, तर संस्थेच्या ऑफिसात येऊन सांगा. आम्ही आहोत.